तक्रारवही सर्व्हरवर चढवताना

आमच्या होस्टेलच्या दारात वॉचमनकाकांच्या टेबलावर एक तक्रारवही असते. लाल पुठ्ठ्याची, सुतळीने पेन बांधलेली (पेन बहुतेक वेळा चालत नाही). रकाने चारच : तारीख, खोली, तक्रार, सही. गेल्या पावसाळ्यात मी सहज मागची पानं चाळली, तर "गीझर चालत नाही" हे एकाच खोलीने, एकाच अक्षरात, तीन वेगवेगळ्या पानांवर लिहिलेलं. तिन्हींपुढे कोणीतरी "काम झाले" असा शेरा मारलेला. गीझर तेव्हाही बंदच होता!

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी विषय शोधत होतोच, म्हटलं हाच घेऊ. आम्हा तिघींनी होस्टेलच्या तक्रारींसाठी डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर इश्यू ट्रॅकर बसवला. त्यात काय शिकलो आणि कुठे आपटलो, ते या लेखात. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या तक्रारी संपादकांकडे न्याव्यात.

इश्यू ट्रॅकर म्हणजे वहीच, पण तिच्यात प्रत्येक तक्रारीला नंबर मिळतो, ती कोणाकडे आहे ते दिसतं, आणि कोणी कधी काय बदललं याचा इतिहास राहतो. सॉफ्टवेअरवाल्यांना याची गरज आधी पडली. नेटस्केप कंपनीत टेरी वाइसमन यांनी लिहिलेलं बगझिला १९९८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. पण ही गोष्ट फक्त प्रोग्रामरांची नाही. आपल्या शेजारच्या मुंबई महापालिकेने प्रजा फाउंडेशनच्या साथीने २००३ साली नागरिकांसाठी ऑनलाइन तक्रार व्यवस्था आणली, आणि २०१५ मध्ये राज्य सरकारचं 'आपले सरकार' पोर्टल आलं. रस्त्यातला खड्डा असो की कोडमधली चूक, हातात नंबर असला की माणसाला पुन्हा विचारायला जाता येतं.

आम्ही आधी बगझिलाच घेणार होतो. पण ते पर्लमध्ये आहे, त्याला पर्लची बरीच मॉड्यूल्स लागतात आणि सामायिक सर्व्हरवर आमच्याकडे रूटचा अधिकार नाही. प्रत्येक मॉड्यूलसाठी लॅब असिस्टंट सरांच्या मागे कोण फिरणार? म्हणून मँटिस घेतलं. हे पीएचपीमध्ये आहे, फुकट आहे, आणि पीएचपी व मायएसक्यूएल आमच्या सर्व्हरवर आधीपासून होतंच. (मँटिस म्हणजे पुढचे पाय जोडून बसणारा आणि दुसरे किडे खाणारा हिरवा किडा. बग खाणारा, म्हणून हे नाव.)

बसवणं खरंच सोपं आहे. फाईल्स उतरवायच्या, आपल्या वेब फोल्डरमध्ये सोडायच्या आणि ब्राउझरमधून ॲडमिन फोल्डरमधलं इन्स्टॉलचं पान उघडायचं. ते पीएचपीची आवृत्ती तपासतं, डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड विचारतं, टेबल्स स्वतः तयार करतं आणि कॉन्फिग फाईल लिहून देतं. फोल्डरला लिहायची परवानगी नसेल तर मजकूर पडद्यावर दाखवतं, तो आपण चिकटवायचा. मग 'ॲडमिनिस्ट्रेटर' या नावाने आणि 'रूट' या पासवर्डने आत शिरायचं. हा पासवर्ड जगजाहीर आहे, म्हणून तो त्याच मिनिटाला बदलायचा आणि ॲडमिन फोल्डर पुसून टाकायचा. टाइमझोनमध्ये आशिया-कोलकाता निवडायला विसरू नका. आमचं यूटीसी राहिलं होतं, त्यामुळे रात्री बाराची तक्रार आदल्या संध्याकाळी साडेसहाची दिसायची आणि रेक्टर मॅडम म्हणायच्या, तेव्हा तर मी राउंडवर होते!

सर्व्हर सामायिक असल्यामुळे खरी काळजी वेगळीच होती. त्याच मशीनवर दुसऱ्या वर्गांचे प्रोजेक्ट चालतात. सगळ्यांचं पीएचपी जर एकाच युजरच्या नावाने चालत असेल, तर माझी कॉन्फिग फाईल वाचायला शेजारच्या ग्रुपची चार ओळींची स्क्रिप्ट पुरते, आणि त्या फाईलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. फाईलची परवानगी कमी करून हे थांबत नाही, कारण वाचणारा तोच युजर असतो. उपाय म्हणजे सरांना विनंती करून आपल्यासाठी पीएचपीचा वेगळा पूल मागायचा, जो आपल्याच युजरच्या नावाने चालेल. डेटाबेसलाही वेगळा युजर घ्यायचा, ज्याला आपल्या डेटाबेसपलीकडे काही दिसत नाही. सरांनी दोन्ही करून दिलं, एक दिवस लागला. पण मुळात ते मागायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

मेलने बरंच रडवलं. नवीन माणसाचं खातं उघडलं की मँटिस त्याला पासवर्ड ठेवायची लिंक मेलने पाठवतं. मेलच गेला नाही तर तो माणूस आत येणार कसा? आमच्या सर्व्हरवरून सरळ मेल बाहेर जात नव्हता, म्हणून कॉलेजच्या मेल सर्व्हरचा एसएमटीपी पत्ता द्यावा लागला. मेल पाठवायचं काम क्रॉनकडे द्या, नाहीतर प्रत्येक तक्रार टाकताना पान गोल गोल फिरत राहतं. फोटोंचंही तसंच. पीएचपी मूळ सेटिंगमध्ये २ एमबीपेक्षा मोठी फाईल घेत नाही आणि आजच्या मोबाईलचा फोटो सहज त्याच्या वर जातो. गळक्या पाइपचा फोटो चढतच नाही म्हटल्यावर मुली पुन्हा वहीकडे वळल्या होत्या. मर्यादा वाढवली तेव्हा परत आल्या.

आता गीझरकडे येऊ. मँटिसमध्ये तक्रारीच्या अवस्थांना आकडे असतात : १० म्हणजे नवीन, ५० म्हणजे कोणाकडे तरी सोपवलेली, ८० म्हणजे सोडवलेली, ९० म्हणजे बंद. ८० आणि ९० वेगळे का, हे मला आधी कळलं नव्हतं. वहीत ते एकच होते ना! काम करणारा "झालं" म्हणतो ते ८०. ज्याची तक्रार तो "हो, झालं" म्हणतो ते ९०. आमच्या वहीत दोन्ही शेरे एकच माणूस मारत होता, आणि गरम पाणी आलं का हे त्या खोलीला कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणून आम्ही दुरुस्तीवाल्या मामांना 'डेव्हलपर'ची पातळी दिली (मामा खूश!). ते ८० पर्यंत नेऊ शकतात, पण ९० करण्याचा अधिकार 'मॅनेजर' म्हणजे रेक्टर मॅडमना. शिवाय तक्रार करणाऱ्याने स्वतःची तक्रार बंद करायचं जे सेटिंग असतं ते चालू केलं. पुन्हा उघडण्याचं आधीपासून चालूच असतं. मामांचा सुरुवातीला आक्षेप होता. म्हणाले, "अगं, मी काम करणार आणि पोरी बंद करणार? विसरल्या तर माझ्या नावावर राहील." मुद्दा बरोबर होता. मग ८० वर आठवडाभर कोणी बोललं नाही तर मॅडम बंद करतील असं ठरलं. मामांनी आणखी एक सुचवलं. पुष्कळदा काम अडतं ते सामान न आल्यामुळे, आणि नाव मात्र त्यांचं खराब होतं. ५० आणि ८० च्या मध्ये जागा रिकामी असतेच, तिथे ६० घालून 'सामान यायचे आहे' अशी अवस्था केली. या पूर्ण प्रोजेक्टमधली सगळ्यात उपयोगी कल्पना आमच्या तिघींपैकी कोणाचीच नाही.

याच वेळी अवस्थांची नावंही मराठीत केली. त्यासाठी मूळ कोडला हात लावायचा नाही, कस्टम स्ट्रिंग्जची वेगळी फाईल ठेवायची, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ती टिकते. 'ॲक्नॉलेज्ड'साठी मी शब्दकोशातून 'पोचपावती दिली' काढलं. मामांनी वाचून विचारलं, "म्हणजे बघितलं ना? मग बघितलं लिही." तेच ठेवलं. आणि डेटाबेस यूटीएफ-८ ठेवताना मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ८' घेऊ नका, 'यूटीएफ८एमबी४' घ्या. देवनागरी अक्षर तीन बाइटचं, ते जुन्यातही मावतं. पण इमोजी चार बाइटची, आणि स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर तिच्यापुढचा सगळा मजकूर कापला जातो. रडक्या चेहऱ्यापुढे काय लिहिलं होतं ते कधीच कळत नाही.

आता माझी चूक. मामांना पासवर्ड लक्षात ठेवायला नको म्हणून मी लॉगिनशिवाय यादी बघता येईल अशी सोय चालू केली. मूळ सेटिंगमध्ये ती बंद असते, आणि ती का बंद असते याचा मी विचार केला नाही. फर्स्ट इयरच्या एका मुलीने बाथरूमची कडी तुटल्याची तक्रार टाकली, मजला आणि खोली नंबरसकट. कॉलेजच्या नेटवर्कवर कुणालाही ते वाचता येत होतं. दोन दिवसांनी ती माझ्या खोलीत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, ते काढता येईल का? वहीत लिहिलं असतं तर बरं होतं." मी तिच्यासमोरच ती सोय बंद केली. कडी मामांनी त्याच संध्याकाळी लावली, पण मला रात्री नीट झोप लागली नाही. आता प्रत्येक तक्रार आपोआप 'खाजगी' म्हणून नोंदते. ती फक्त जिने टाकली तिला, मामांना आणि मॅडमना दिसते. जिन्यातला दिवा किंवा टाकीचं पाणी असं सगळ्यांचं काही असेल तर मॅडम ती 'सार्वजनिक' करतात. स्टाफबद्दलच्या तक्रारींसाठी वेगळं प्रोजेक्ट आहे, ते मामांनाही दिसत नाही. हे मी आधी मामांना सांगितलं आणि मग केलं.

रोज पहाटे डेटाबेसची प्रत दुसऱ्या मशीनवर जाते. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आता सरांकडे आहे, कारण आम्ही तिघी पुढच्या वर्षी बाहेर पडू. लाल वही वॉचमनकाकांच्या टेबलावर अजून आहे. ज्यांना मोबाईलवर जमत नाही त्या मेसच्या मावशी तिच्यात लिहितात आणि त्यांची नोंद रात्री आमच्यापैकी एक जण मँटिसमध्ये चढवते, नंबर परत वहीत लिहून ठेवते. त्या गीझरचा नंबर ७ आहे. आज तो ६० वर आहे.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी