दाढ निर्दोष, तरी कळ!



समजा, अकोल्यातील एका घरी डिसेंबरची सकाळ आहे. आजीने तोंड धुवायला ओंजळीत पाणी घेतले. ते गालाला लागले मात्र, आणि विजेचा झटका बसावा तशी कळ गालातून जबड्यात गेली. अर्ध्या मिनिटात सारे शांत! न्याहारीला भाकरीचा घास चावताना पुन्हा तेच. 'दाढ किडली असेल,' असे म्हणून घरच्यांनी दाढ काढवली. कळ तशीच राहिली. आता शेजारची दाढ काढायची काय?

थांबा! आधी एक प्रयोग करा. कपाळ, गाल आणि हनुवटी यांना क्रमाने बोट लावा. या तिन्ही स्पर्शांची वार्ता मेंदूला एकाच मज्जातंतूच्या तीन शाखा देतात. त्याचे नाव ट्रायजेमिनल. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'तिळे'. दातांच्या संवेदनाही हाच मज्जातंतू नेतो. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना असा एकेक असतो.

आता अमरावती म्हणजे मेंदू आणि अकोला म्हणजे गाल समजा. दोहोंमध्ये टेलिफोनची तार आहे. वाटेत मूर्तिजापूरला तारांवरील वेष्टण झिजले व तारा एकमेकींना चिकटल्या, तर अमरावतीला खरखर ऐकू येईल. तेथील माणूस म्हणेल, 'अकोल्यात काही तरी बिघडले.' बिघाड मात्र मूर्तिजापूरला!

आजीचेही असेच होते. पुष्कळ रुग्णांत मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या मज्जातंतूला टेकलेली असते. तिच्या ठोक्यांनी मज्जातंतूवरचे मायलिनचे वेष्टण झिजते. मग साध्या स्पर्शाचा संदेश वेदनेच्या तंतूंत शिरतो आणि मेंदूला वाटते, दाढच दुखते. काही थोड्या रुग्णांत गाठ किंवा मज्जासंस्थेचा दुसरा रोग हे कारण असते. म्हणून डॉक्टर एमआरआय तपासणी करवतात.

लंडनचे डॉक्टर जॉन फॉदरगिल यांनी 1773 साली या दुखण्याचे वर्णन केले. रक्तवाहिनीच्या दाबाकडे अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी 1934 मध्ये लक्ष वेधले. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. मात्र 1962 मध्ये, अपस्मारावरचे कार्बामाझेपिन हे औषध या कळेवरही गुणकारी असल्याचे दिसून आले. ते मज्जातंतूंतील सोडियमची दारे आवरते, त्यामुळे अवेळी उठणारे संदेश कमी होतात. त्याने गुंगी येते, रक्तातील सोडियम घटू शकते, क्वचित अंगावर गंभीर पुरळही उठतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे. औषध पुरेसे पडले नाही, तर शस्त्रक्रिया करून रक्तवाहिनी व मज्जातंतू यांच्यामध्ये मऊ गादी ठेवतात. पीटर जॅनेटा यांनी 1967 मध्ये ही पद्धत पुढे आणली.

बहुतेक वेळा दाढदुखी ही दाढेचीच असते, हे विसरू नका. म्हणून दंतवैद्याकडे जायचेच. पण दाढ निर्दोष ठरली, तर ती काढण्याची घाई नको; काढलेली दाढ परत येत नाही.

तुमच्या घरी कोणाला अशी कळ येत असेल, तर एका वहीत चार गोष्टी लिहा: कोणत्या बाजूला येते, किती सेकंद टिकते, दिवसातून किती वेळा येते आणि कशाने सुरू होते? पाण्याने, वाऱ्याने, बोलण्याने की चावण्याने? ती वही डॉक्टरांना दाखवा. तुमच्या चार ओळींमुळे एखादी चांगली दाढ वाचेल!