माल्कम : एका आडनांवाची उत्पत्ति, अर्थ व प्रसार

कोयना नदीचा उगम महाबळेश्वरीं होतो, तेथून ती दक्षिणेस वाहत येते, हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते व कऱ्हाडास कृष्णेस मिळते, हें कोयनानगरच्या आसमंतांतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. परंतु ज्या पठारावर या नदीचा जन्म, तेथील वस्तीस इंग्रजी अमदानींत ‘माल्कम पेठ’ असें नांव मिळालें, आणि तें नांव मूळचें स्कॉटलंड देशांतील एका घराण्याचें आडनांव आहे, हें थोड्यांच्याच लक्षांत असतें. या आडनांवाचा अर्थ काय, तें कसें उत्पन्न झालें व त्याचा प्रसार कोठवर झाला, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

ज्यांच्यामुळें हें आडनांव सातारा जिल्ह्यांत आलें, ते सर जॉन माल्कम सन १७६९ मध्यें स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीवरील एस्क नदीच्या खोऱ्यांत, एका बहुकुटुंबी शेतकऱ्याच्या घरीं जन्मले. अगदीं कोवळ्या वयांत त्यांनीं ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरिली. सन १८१७ च्या महिदपूरच्या लढाईंत होळकरांविरुद्ध ते लढले आणि सन १८१८ मध्यें दुसरे बाजीराव पेशवे शरण आले ते यांच्याच पुढें. सन १८२७ पासून १८३० पर्यंत ते मुंबईचे गव्हर्नर होते. महाबळेश्वरची हवा आजाऱ्यांस हितकर आहे असें पाहून त्यांनीं साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांच्याशीं सन १८२९ त करार केला. वाई भागांतील खंडाळा हा गांव महाराजांस देऊन त्याच्या मोबदल्यांत हें ठिकाण कंपनीनें घेतलें. तेथें जी पेठ वसली तिला गव्हर्नरसाहेबांचें आडनांव मिळालें.

आतां या शब्दाचा अर्थ पाहूं. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांत गेलिक नांवाची प्राचीन भाषा आहे. त्या भाषेंत ‘मेल’ म्हणजे मुंडण केलेला. ख्रिस्ती मठवासी डोक्याचे केस काढीत, म्हणून ‘मेल’ म्हणजे शिष्य किंवा सेवक असा अर्थ झाला. ‘कोलुम’ म्हणजे संत कोलंबा. हे साधु आयर्लंडांत सन ५२१ मध्यें जन्मले. सन ५६३ त ते समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या आयोना बेटावर आले, तेथें त्यांनीं मठ स्थापिला व सन ५९७ त तेथेंच देह ठेविला. ‘कोलंबा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ पारवा. हा पक्षी ख्रिस्ती लोक पवित्र आत्म्याचें चिन्ह मानितात. अर्थात् ‘मेल कोलुम’, म्हणजेच माल्कम, याचा सरळ अर्थ ‘संत कोलंबाचा दास’ असा होतो.

महाराष्ट्रीय वाचकांस ही रीति परकी वाटण्याचें कारण नाहीं. आपणांकडे मुलाचें नांव रामदास अथवा विठ्ठलदास ठेवितात, तोच भाव येथें आहे. पूज्य पुरुषाचें नांव जसेंच्या तसें घेण्यापेक्षां त्याचें दास्य पत्करावें, अशी ती भावना. गेलिक भाषेंत याच तऱ्हेचें दुसरें नांव ‘गिलख्रिस्त’, म्हणजे ख्रिस्तदास, हेंहि आहे.

व्यक्तीच्या नांवाचें आडनांव कसें झालें, हेंहि समजण्यासारखें आहे. आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत मुलाचें नांव लिहून पुढें ‘बिन’ शब्द घालीत व मग बापाचें नांव लिहीत. त्या ‘बिन’चें काम गेलिक भाषेंत ‘मॅक’ हा शब्द करितो. ‘मॅककॅलम’ म्हणजे कोलंबाच्या नांवानें नांवाजलेल्या पुरुषाचा पुत्र. डोंगराळ भागांत अठराव्या शतकापर्यंत हें पितृनाम पिढीगणिक पालटत असे. पुढें सरकारी लेख, जमिनीचे दस्त व चर्चच्या नोंदवह्या यांमुळें तें कायम झालें. पश्चिमेकडील आर्गाइल प्रांतांतील मॅककॅलम घराण्याच्या प्रमुखांनीं अठराव्या शतकांत ‘माल्कम’ हें रूप स्वीकारिलें, म्हणून हीं दोन आडनांवें एकाच कुळाचीं गणिलीं जातात.

या नांवाच्या लोकप्रियतेचें एक कारण राजघराणें हें होय. दहाव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंत स्कॉटलंडच्या गादीवर माल्कम नांवाचे चार राजे झाले. त्यांतील तिसरा माल्कम (राज्यकाल १०५८ ते १०९३) हा शेक्सपियरच्या ‘मॅक्बेथ’ नाटकांत डंकन राजाचा पुत्र म्हणून येतो. जें नांव राजानें धारण केलें तें प्रजेनें उचलावें, हा सर्व देशांचा अनुभव आहे.

आपल्या प्रांताशीं संबंध आलेलीं इतर स्कॉच आडनांवें पाहिलीं, तर आडनांवांचे निरनिराळे प्रकार ध्यानांत येतात. महाबळेश्वरच्या एका कड्यास ज्यांचें नांव आहे ते एल्फिन्स्टन यांचें आडनांव गांवावरून पडलें आहे, जसें आपलें पाटणकर. मराठ्यांचा इतिहास सन १८२६ मध्यें प्रसिद्ध करणारे साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ यांच्या नांवांत दोन आडनांवें आहेत. ‘ग्रँट’ हें फ्रेंच भाषेंतून आलेलें असून त्याचा अर्थ मोठा, व ‘डफ’ म्हणजे गेलिक भाषेंत काळा. आपल्या मोठे व काळे या आडनांवांचे ते सख्खे भाऊच म्हणावयाचे! सन १८२९ मध्यें मुंबईस येऊन बाणकोट व हर्णै येथें मराठीचा अभ्यास करणारे मिशनरी जॉन विल्सन यांचें आडनांव ‘विल याचा पुत्र’ असें पितृवाचक आहे.

पुढें माल्कम हें नांव स्कॉटलंडच्या वसाहतवाल्यांबरोबर जगभर गेलें, आणि विसाव्या शतकांत आडनांवापेक्षां पाळण्यांतलें नांव म्हणूनच त्याचा अधिक प्रसार झाला. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान माल्कम फ्रेझर, वेस्ट इंडीजचे विख्यात गोलंदाज माल्कम मार्शल, युनेस्कोमध्यें उच्च पद भूषविलेले तामीळ अर्थशास्त्रज्ञ माल्कम आदिशेषय्या, हीं त्याचीं उदाहरणें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय पुढारी माल्कम एक्स यांनीं तर आपलें ‘लिट्ल’ हें आडनांव टाकून ‘एक्स’ हें एकच अक्षर घेतलें. आपल्या आफ्रिकी पूर्वजांचें खरें कुलनाम गुलामगिरींत नष्ट झालें व तें आतां अज्ञात आहे, हें त्यांस जगाला दाखवावयाचें होतें. आडनांव हिरावलें जाणें म्हणजे काय, हें यावरून कळतें.

येथें एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. माल्कम हा शब्द गेलिक. पण सर जॉन यांच्या जन्मप्रांताची बोली गेलिक नव्हती. खुद्द स्कॉटलंडांत सन २०११ च्या खानेसुमारींत गेलिक बोलणारे सुमारे ५७ हजार, म्हणजे शेंकडा एकाच्या आसपास, भरले. भाषा ओसरली, परंतु तिच्यांतील नांव जगभर टिकून राहिलें. आणि ज्या शब्दाचा अर्थ ‘दास’ असा नम्र, तोच शब्द आपल्या डोंगरावर राज्यकर्त्याच्या सत्तेची खूण होऊन बसला. अर्थ विसरला म्हणजे नांवाचें असें होतें.

कोयनेच्या खोऱ्यांत या बोधाचें महत्त्व विशेष आहे. धरण झालें तेव्हां शिवसागर जलाशयाखालीं अनेक गांवें गेलीं व तेथील कुटुंबें दूरदूरच्या जिल्ह्यांत जाऊन वसलीं. घर, शेत, देऊळ यांतील कांहीं बरोबर नेतां आलें नाहीं; आडनांव मात्र बरोबर गेलें. कोणाच्या आडनांवांत गांव आहे, कोणाच्या वतन आहे, कोणाच्या एकाद्या पूर्वजाचा पराक्रम किंवा व्यंग आहे. परंतु तो अर्थ सांगणारीं वृद्ध माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत. मठवासी साधूंनीं कोलंबाचें चरित्र लिहून ठेविलें, म्हणून चौदाशें वर्षांनीं माल्कम शब्दाचा उलगडा करितां येतो. आपल्या आडनांवांविषयीं तसें लिहिलेलें फारच थोडें आहे.

म्हणून विद्यार्थिबंधूंस व भगिनींस एवढीच विनंति आहे कीं, येत्या सुटींत आपल्या आजोबांस अथवा आजीस आपल्या आडनांवाची हकीकत विचारावी व जें कळेल तें वहींत उतरून ठेवावें. नांव आपोआप टिकतें. त्याचा अर्थ मात्र कोणी तरी जतन करावा लागतो.