मनाचे साक्षी व्हावे



दर्शनाच्या रांगेत आपण हात जोडून उभे असतो. मन मात्र घरच्या हिशेबात, मुलांच्या परीक्षेत किंवा परतीच्या गाडीत गुंतलेले असते. याबद्दल स्वतःला दोष देऊ नये. मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके अवघड आहे, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात साक्षात अर्जुनाने म्हटले आहे. भगवंतांनी ते नाकारले नाही. अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले.

या अभ्यासाची पहिली पायरी म्हणजे साक्षीभाव. समर्थ रामदासस्वामींच्या २०५ मनाच्या श्लोकांत स्वतःच्या मनालाच हाक मारलेली आहे. हाक मारणारा आणि ज्याला हाक मारली तो, हे दोघे निराळे झाले. म्हणून ‘मी रागावलो’ असे न म्हणता ‘मनात राग आला आहे’ असे म्हणून पाहावे. तेवढ्याने राग नाहीसा होत नाही. परंतु त्याच्या हातातील लगाम सुटतो.

आपल्या आंबिवलीवरून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पुढे इगतपुरी आहे. तेथील धम्मगिरी केंद्रात सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांच्या मार्गदर्शनाखाली १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे सुरू झाली. दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळून साधक प्रथम श्वास आणि नंतर शरीरातील संवेदना तटस्थपणे न्याहाळतात. परंपरा बौद्ध असली, तरी जे उमटते ते ओढू नये, ढकलू नये, केवळ पाहावे, ही शिकवण सर्वांनाच उपयोगी आहे.

नित्य आचरणासाठी:

१. दर्शनानंतर सभामंडपात दहा मिनिटे ताठ, पण सुखाने बसावे.
२. नैसर्गिक श्वासाकडे लक्ष द्यावे.
३. विचार आला की ‘ही चिंता’, ‘ही आठवण’, ‘ही इच्छा’ असे मनात नाव द्यावे.
४. त्याच्याशी वाद न घालता पुन्हा श्वासाकडे यावे. शंभरदा भटकल्यास शंभरदा परतावे. हे परतणे हाच अभ्यास होय.

मोहने गावाला याचे मोल विशेष आहे. २००९ साली येथील एन.आर.सी. कारखाना बंद पडला आणि कामगारांच्या घरांत चिंता शिरली. मनाच्या निरीक्षणाने थकलेली देणी मिळत नाहीत. त्यासाठी न्याय्य मार्गाने प्रयत्नच करावे लागतात. परंतु ‘पगार थांबला’ ही वस्तुस्थिती आणि ‘आता सारेच संपले’ हा मनाने दिलेला निकाल, यांतील अंतर ज्याला दिसते, तो दुसऱ्या दिवशी उठून काम शोधू शकतो, घरातल्यांशी सौम्यपणे बोलू शकतो. संकट कोणतेही असो, हे अंतर ओळखणे हाच विवेक.

मात्र झोप उडाली असेल, उदासी दीर्घकाळ हटत नसेल किंवा जगणेच नको वाटत असेल, तर विनासंकोच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषधोपचार घेणे म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे.

देवापुढे फूल ठेवताना आज एवढेच पाहावे: या क्षणी माझ्या मनात काय चालले आहे? सर्वांच्या चित्तास स्वास्थ्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.