बिर्याणीतला बटाटा आणि शेफचा शब्द

प्रश्न : माझा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. त्याचं जहाज कोलकात्याच्या खिदिरपूर डॉकला लागणार आहे आणि आम्ही दोघंही त्याला भेटायला जाणार आहोत. मोठमोठे शेफ मुलाखतींतून ‘अमक्या हॉटेलातला तमका पदार्थ खाऊनच बघा’ असं सांगत असतात. त्यांचं कितपत ऐकावं? आणि खिदिरपुरात एकच पदार्थ खायचा झाला तर कोणता खावा?
— एक वाचक, दापोली

उत्तर : जरूर ऐकावं. पण शेफ स्वतः बाहेर जेवायला गेला की काय मागवतो, तिकडे जास्त लक्ष द्यावं. ज्याच्या हाताखाली सुसज्ज स्वयंपाकघर आहे, तो बहुतेक वेळा स्वतःला न जमणारी चीज शोधत फिरतो. एकच पदार्थ, रोज, मोठ्या भांड्यात आणि वर्षानुवर्षं त्याच हाताचा, असं काही हॉटेलच्या लांबलचक मेनूतून निघत नाही. शेफ रणवीर ब्रारच घ्या, ते लखनौचे. ते पहिल्यांदा शिकले ते मुनीर उस्तादांकडे, कबाबाच्या शेगडीपाशी. दुसऱ्या शेफ अस्मा खान, मूळच्या कोलकात्याच्या. त्यांनी 2017 साली लंडनमध्ये ‘दार्जिलिंग एक्सप्रेस’ उघडलं, तेव्हा स्वयंपाकघरात सगळ्या बायका होत्या आणि त्यांतल्या कुणीही पाककलेची पदवी घेतलेली नव्हती. मेनूवर काय, तर पुचका, कोशा मांग्शो, बीटचे चॉप आणि कोलकात्याच्या चिनी वस्तीची, टांगराची, तिखट कोळंबी. शेफच्या शिफारशीचा याहून खरा पुरावा मला माहीत नाही. आपल्या गावचं जे अस्मा खान यांना आवडतं, त्यावर त्यांनी परमुलखात आपला धंदा उभा केला.

आता खिदिरपूर. तिथं मटण बिर्याणी खायची, आणि बटाट्यासकट. कार्ल मार्क्स सरणीवरचं ‘इंडिया रेस्टॉरंट’ बिर्याणी आणि चाप यांसाठी शहरभर नावाजलेलं आहे. कोलकात्यात बिर्याणीचं दुकान लांबूनच ओळखू येतं, कारण दारापाशी लाल कापड गुंडाळलेली भली मोठी हंडी असते. वाढणारा त्यात डाव घालत नाही. एक ताटली हंडीच्या कडेनं तिरकी खाली सरकवतो आणि पांढरा भात, केशरी भात, मटणाचा तुकडा असं सगळं थरासकट अलगद वर काढतो. शीत मोडत नाही. मग हाताच्या अंदाजानं एक बटाटा शोधून पानात ठेवतो. मुलाला हे दाखवा. पानात काय येणार आहे, ते इथंच कळतं.

हा बटाटा आला कुठून? खिदिरपूरच्या पुढे, डॉक ओलांडून, नदीकाठानं गेलं की मटियाबुर्ज लागतं. इंग्रजांनी 1856 साली अवध खालसा केलं आणि नवाब वाजिद अली शाह त्याच वर्षी मे महिन्यात कोलकात्याला आले. 1857च्या उठावाच्या काळात त्यांना फोर्ट विल्यममध्ये कैदेत ठेवलं होतं. सुटल्यावर त्यांनी मटियाबुर्जला छोटं लखनौच वसवलं : इमामबाडे, गवय्ये, पतंगबाज, प्राणिसंग्रहालय आणि अर्थातच बावर्ची. 1887 साली ते तिथंच वारले. सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांची कबर आहे. खिदिरपुरात आलात तर तीही पाहाच.

लोक सांगतात, राज्य गेल्यावर नवाबाला मटण परवडेना, म्हणून बावर्च्यानं बटाटा घातला. मला हे पटत नाही. वर्षाला बारा लाखांचं पेन्शन घेऊन वाघ-सिंह पाळणाऱ्या माणसाला मटण महाग पडावं? नवाबाच्या वंशज मंज़िलत फातिमा स्वतः कोलकात्यात घरची बिर्याणी खाऊ घालतात. त्यांनीही ही गरिबीची कहाणी जाहीरपणे नाकारली आहे. शिवाय आपल्या मुंबईत मेमणी आणि बोहरी बिर्याणीत बटाटा असतोच, तिथं कुठला नवाब देशोधडीला लागला होता? बटाटा चवीला चांगला लागला म्हणून राहिला, एवढं मला पुरेसं वाटतं.

चांगला का लागतो, हे मात्र नीट समजून घ्या. मुंबईचा बटाटा कांदा-मसाल्यात मुरतो. कोलकात्याच्या बिर्याणीत मसाला अगदी बेताचा असतो. जायफळ, जायपत्री, केवडा आणि मिठा अत्तर यांचा वासच पुढे असतो. त्यामुळे मटणाचं पाणी आणि चरबी शोषून घेण्याचं काम बटाट्याकडे येतं. तो आख्खा किंवा अर्धा, मोठाच घेतात. आधी तळून त्याला सोनेरी कवच आणतात, म्हणजे दमात तो विरघळत नाही. मग मटणाच्या यखनीत शिजवतात. दह्याच्या आंबटपणात बटाटा लवकर मऊ होत नाही, म्हणून कच्चा बटाटा दह्यातल्या मटणाबरोबर टाकून दिला की गाभा टणक राहतो. घरी फसतं ते इथं. बंगालमध्ये यासाठी चंद्रमुखी जातीच्या बटाट्याचं नाव निघतं. पानातला बटाटा बोटानं दाबून पाहा. तो सहज फुटला, आतपर्यंत पिवळसर आणि मटणाच्या चवीचा निघाला, तर बावर्ची जाणकार आहे.

बटाट्याला विरोध करणारं घराणंही आहे. चितपूरचं 1905 सालचं ‘रॉयल इंडियन हॉटेल’ बिनबटाट्याच्या बिर्याणीसाठी प्रसिद्ध आहे. वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी तिथं जा आणि तुलना करा. माझं मत खिदिरपूरच्या बाजूनं आहे.

दुपारच्या जेवणाला जरा लवकर जा. हंडी नुकती उघडलेली असताना भात मोकळा असतो, तळाशी गेल्यावर तुपकट होतो. शुक्रवारी दुपारी गर्दी उसळते. या भागातल्या काही हॉटेलांत बीफही असतं, तेव्हा मटण हवं असेल तर मागवतानाच स्पष्ट सांगा. ‘एक्स्ट्रा आलू’ मागायला संकोच करू नका, तिथली सगळीच मंडळी मागतात. त्याचे वेगळे पैसे पडतात. बिर्याणीबरोबर चाप घ्या. बरगडीकडचा तुकडा ठेचून, दही-खसखशीत मुरवून, मोठ्या सपाट तव्यावर मंद आचेवर तुपातेलात तासन्‌तास ठेवलेला असतो. दोघांत एक पुरतो. कोकणातल्या जिभेला बिर्याणी पहिल्या घासाला फिकी वाटेल, पण वरून रस्सा मागवू नका. चापाचं तूप भातावर चमचाभर घ्या, आणि मग बटाटा फोडा.