तपकीर गल्लीतला मेंदू-चार्जर

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. डोक्याला पट्टा लावून मेंदूला सौम्य वीज देणारी यंत्रं हल्ली ऑनलाइन मिळतात. त्यांनी एकाग्रता आणि पाठांतर वाढतं म्हणतात. माझा रूम पार्टनर इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. तो म्हणतो, ‘एवढे पैसे कशाला घालवतोस? तपकीर गल्लीतून सामान आणून संध्याकाळपर्यंत मीच करून देतो.’ करू द्यावं का?
– एक वाचक, पुणे ३०

उत्तर : तुमच्या मित्राला संध्याकाळही लागणार नाही. या यंत्रात वीज असते एक ते दोन मिलिअँपिअर. नऊ व्होल्टची बॅटरी, प्रवाह आवरणारं छोटं सर्किट आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज. प्रयोगशाळेतल्या यंत्राचा गाभाही याहून फार वेगळा नसतो. या तंत्राचं पूर्ण नाव ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन, रोजच्या बोलण्यात टीडीसीएस. जर्मनीत ग्योटिंगेनला मायकेल नित्शे आणि वॉल्टर पाउलुस यांनी २००० साली दाखवलं, की डोक्यावरून एवढासा प्रवाह सोडला तरी मेंदूतल्या हालचालीच्या केंद्राची उत्तेजनक्षमता काही मिनिटं वर-खाली होते. तेव्हापासून या विषयाला ऊत आला. हौस मात्र फार जुनी. पहिल्या शतकात रोममधला वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा लावायला सांगायचा. त्या माशाची निदान इन्स्टाग्रामवर जाहिरात नव्हती.

एक घोळ आधी निस्तरू. झोमॅटोच्या दीपिंदर गोयल यांच्या कानशिलावर दिसलेलं ‘टेम्पल’ नावाचं यंत्र किंवा ध्यानासाठी विकले जाणारे ईईजी पट्टे मेंदूला काही देत नाहीत, फक्त मोजतात. तुम्ही विचारताय ते वीज देणाऱ्या यंत्राबद्दल.

ही वीज पेशीला पेटवत नाही. पेशी पेटायला किती राजी आहे, तेवढंच थोडं बदलते. त्यामुळे स्पंज नेमका कुठे आहे आणि त्या वेळी डोकं कशात गुंतलंय, यावर सगळं अवलंबून. त्यातून न्यूयॉर्कच्या ग्यॉर्गी बुझाकी यांच्या गटाने मृतदेहांवर मोजणी केली (२०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली), तेव्हा प्रवाहाचा सुमारे ७५ टक्के भाग कातडी, स्नायू आणि कवटीतच जिरतो असं दिसलं. उरलेला कुठे जाईल हे प्रत्येकाच्या कवटीच्या जाडीवर ठरतं. तुमच्या कवटीची जाडी मित्राला ठाऊक नाही, आणि विकणाऱ्या कंपनीलाही नाही.

तुमच्या कामाचा खरा प्रयोग ऑक्सफर्डचा आहे. तेरेसा इउकुलानो आणि रॉय कोहेन कादोश यांनी लोकांना अनोळखी चिन्हं आकडे म्हणून शिकवली आणि शिकताना वीज दिली. डोक्याच्या मागच्या-वरच्या भागावर, म्हणजे परायटल भागावर, वीज मिळालेल्यांनी चिन्हं लवकर आत्मसात केली. पण ती बघताक्षणी, विचार न करता ओळखण्यात ते मागे पडले. कपाळामागच्या भागावर दिलेल्यांचं बरोब्बर उलटं झालं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाच्या शीर्षकातच बुद्धी वाढवण्याच्या ‘किमती’चा उल्लेख आहे. आता सीसॅटचा पेपर आठवा. तिथे गणित येणं आणि ते झटकन सुटणं या दोन गोष्टी आहेत, आणि घड्याळ दुसरीच मोजतं. पट्ट्याच्या खोक्यावर यातलं काय वाढेल आणि काय घटेल, हे छापलेलं मी तरी पाहिलेलं नाही. हॉलंडमध्ये लायडन विद्यापीठात ‘फोकस’ नावाचा बाजारात मिळणारा हेडसेट २०१५ मध्ये तपासला, तर कार्यकारी स्मृतीची कामगिरी चक्क घसरली. प्रयोग लहान होता, पण पैसे टाकण्याआधी माहीत असावा असा.

मग वापरणारे शपथेवर का सांगतात? कारण स्पंजाखाली मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या की काहीतरी घडतंय असं वाटतं. चांगल्या चाचणीत निम्म्या लोकांना खोटी वीज देतात : अर्धा मिनिट चालू, मग गुपचूप बंद. मुंग्या त्यांनाही येतात, आणि ‘फरक पडला’ असं त्यांच्यातलेही कित्येक सांगतात. अभ्यासिकेतल्या खुर्चीवर ही खोटी वीज कोण देणार?

घरगुती जोडणीचा धोका शॉकपेक्षा भाजण्याचा अधिक. स्पंज एका बाजूने सुकला की सगळा प्रवाह उरलेल्या ओल्या ठिपक्यातून घुसतो. शिवाय एका टोकाशी आम्ल, दुसऱ्याशी अल्कली तयार होतं आणि कातडीवर व्रण पडतो. प्रवाह हळूहळू चढवला-उतरवला नाही तर डोळ्यांपुढे वीज चमकते. फिट्स, डोक्यात धातूची पट्टी, पेसमेकर यांपैकी काही असेल तर विषय तिथेच संपला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या चार मेंदूशास्त्रज्ञांनी अशा स्वयंप्रयोगवाल्यांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं आणि आणखी कितीतरी संशोधकांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांची काळजी फक्त भाजण्याची नव्हती. रोज, महिनोन्‌महिने, निरोगी डोक्यावर हे केलं तर काय होतं याचा कुणी अभ्यासच केलेला नाही, हीही होती.

आजारपणाची गोष्ट निराळी. बंगळूरच्या निमहान्समध्ये स्किझोफ्रेनियात ऐकू येणाऱ्या आवाजांवर हाच प्रवाह वापरून काम झालं आहे. नैराश्यात घरी पट्टा लावण्याच्या दोन मोठ्या चाचण्या २०२४ मध्ये आल्या. ब्रिटन-अमेरिकेतली, व्हिडिओ कॉलवर देखरेख असलेली, यशस्वी ठरली. ब्राझीलमधली, देखरेखीविना झालेली, ठरली नाही. फरक फक्त देखरेखीचाच असं म्हणता येणार नाही, पण मला तो डोळ्यांआड करवत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. पण उपकरण ‘वैद्यकीय’ ठरतं ते उत्पादक कोणत्या हेतूने विकतो त्यावरून. म्हणून जाहिरातीत ‘नैराश्य’ कमी दिसतं. ‘फोकस’, ‘शांतता’, ‘वेलनेस’ जास्त.

तेव्हा मित्राला नको म्हणा. लक्ष न लागण्यामागे झोप उडणं, उदासी, निकालाची धास्ती असेल, तर ससूनच्या मनोविकार विभागात केसपेपर काढा. आधी काय झालंय ते तरी कळेल. जायचा संकोच वाटत असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं. आणि मित्राचा हात शिवशिवतच असेल, तर अभ्यासिकेतल्या त्या खडखडणाऱ्या पंख्याचा रेग्युलेटर त्याच्याकडून बदलून घ्या. त्याचं सामानही तपकीर गल्लीतच मिळतं.