बेवड बदल, बाई

अगं, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पाठवलेला तुझा व्हॉइस मेसेज मी सकाळी दूध तापवताना ऐकला. “ताई, काही सुचत नाहीये. आणि खरं सांगू का, सुचत नाही याचं वाईटही वाटत नाहीये.” पहिल्या वाक्याचं मला फारसं काही वाटलं नाही. न सुचणं म्हणजे आपल्या धंद्यातलं पडसं, येतं, जातं. दुसरं वाक्य ऐकलं आणि मी गॅस बंद करून खाली बसले.

ते वाक्य मी ओळखते. बारा वर्षांपूर्वी माझंच होतं ते.

तेव्हा मी दोन मालिकांचे संवाद लिहीत होते. आठवड्याचे सहा आणि सहा, बारा एपिसोड. एका एपिसोडला सात-आठ सीन. आठवड्याचे टीआरपीचे आकडे आले की ट्रॅक फिरायचा आणि जागून लिहून ठेवलेलं सगळं केरात. सेटवर कलाकार मेकअप करून बसलेत आणि मी रिक्षात फोनवर सीन टाइप करतेय, हे तुला काय सांगायचं, तुझंही तेच चाललंय. तर एका आठवड्यात काय झालं, दोन मालिकांतल्या दोन सासवा, एक कोल्हापूरची, एक नाशिकची, आपापल्या सुनांना एकच वाक्य बोलल्या. शब्दन् शब्द तोच. कुणाच्या लक्षात आलं नाही. चॅनेलच्या नाही, प्रेक्षकांच्या नाही. माझ्या आलं ते सहा दिवसांनी. हसू आलं नाही, लाजही वाटली नाही. ‘बरं झालं, एक वाक्य वाचलं’ एवढंच वाटलं.

याला बर्नआउट म्हणतात, हे मी पुढे वाचलं. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1974 साली त्यावर लेख लिहिला. न्यूयॉर्कमध्ये एक मोफत दवाखाना होता. आपलं दिवसाचं काम आटपून हा माणूस संध्याकाळी तिथे राबायचा. बरोबरचे स्वयंसेवक हळूहळू विझताना त्याने पाहिले आणि तोही त्यातून गेला. जीव ओतून काम करणाऱ्यांनाच हे आधी गाठतं, असं त्याचं म्हणणं. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार नसून कामाच्या ताणातून येणारी अवस्था आहे असं सांगितलं आणि तिच्या तीन खुणा दिल्या: अंगातली शक्ती संपणं, कामावरून मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं. तुझ्या मेसेजमध्ये मला मधली खूण ऐकू आली. बाकीच्या दोन तू आवाजात लपवल्या होत्यास.

पण थांब, लगेच स्वतःला हे नाव चिकटवू नकोस. आधी रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह. देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी 57 जणींना रक्तक्षय असल्याचं 2019 ते 21 च्या राष्ट्रीय पाहणीत निघालंय, आणि तू तर दुपारचं जेवण म्हणून सेटवरचा वडापाव खातेस. माझं हिमोग्लोबिन तेव्हा आठवर होतं आणि मी त्याला ‘सर्जनाचं संकट’ म्हणत होते! आणि हे बघ, काम सोडून बाकीच्या गोष्टींवरूनही मन उडालं असेल, जेवणावरून, माणसांवरून, जगण्यावरूनच, तर माझ्या गप्पांवर राहू नकोस. 14416 वर फोन कर. टेली मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हे मी घरातल्या मोठीच्या अधिकाराने सांगतेय, वाद नको.

तर त्या सासवांनंतर मी काय केलं? सगळे करतात तेच. चार दिवस तारकर्लीला गेले. मासे खाल्ले, झोपले, समुद्राचे फोटो टाकले. सोमवारी परत येऊन लॅपटॉप उघडला आणि पहिल्या सीनच्या पहिल्या ओळीला पोटात तोच गोळा. मला वाटलं, सुट्टी कमी पडली.

मग अण्णांकडे गेले. आमचं रान वाळवा तालुक्यातलं, तुला माहितीये, उसाशिवाय बात नाही. त्या वर्षी अण्णा एक तुकडा मोडून काढत होते. उभा ऊस तुटला होता, बुडख्यांना कोंबही आले असते, आणि हे त्यावर नांगर घालतायत. मी म्हटलं, अण्णा, फुकटचं पीक येतंय की. तर म्हणाले, “लागण झाली, खोडवा झाला. आता निडवा घेतला तर उसाला काय लागेल ते रानाला विचार.” लागणीचा ऊस तुटला की त्याच बुडख्यांतून फुटून येतो तो खोडवा. बेणं नाही, लावणीचा खर्च नाही. तोही तुटला की पुन्हा निडवा. दर खेपेला खर्च वाचतो आणि दर खेपेला उतारा घटतो, ऊस बारीक होत जातो. लांबून मात्र रान हिरवंगारच दिसतं.

त्यांनी तिथे हरभरा केला. मी विचारलं, जमीन नुसती पडच का नाही ठेवत? अण्णा हसले. पड टाकली तर तण माजतं, म्हणाले. हरभऱ्याचा बेवड चांगला. त्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात, ते हवेतलं नत्र धरून ठेवतात, हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण बेवड हा शब्द मला त्या दिवशी नीट कळला. आधीचं पीक मागे काय ठेवून जातं आणि त्यावर पुढचं कसं येतं, ते सगळं त्या एका शब्दात आलं. तारकर्लीला मी पड पडले होते, आणि डोक्यात तण माजलं होतं. झोपल्या झोपल्या मी सीनच लिहीत होते गं.

तेव्हा मी अण्णांच्या उसाच्या बिलांचे आणि पाणीपट्टीच्या पावत्यांचे गठ्ठे लावायला घेतले. दहा-बारा वर्षांचे होते. आकडे, तारखा, टाचण्या. महत्त्वाचं म्हणजे त्यात कुणी कुणाला काही बोलत नव्हतं! दिवसभर माणसांच्या तोंडी वाक्यं घालणाऱ्या बाईला यासारखं औषध नाही. मुंबईत परतल्यावर महापालिकेच्या तलावावर पोहायला शिकले, सदतिसाव्या वर्षी, पाच-पाच वर्षांच्या पोरांबरोबर. मला काही येत नव्हतं आणि त्याचा टीआरपी कुणी काढत नव्हतं. पाण्यात फोन येत नाही, हा वेगळाच फायदा.

तू चित्रं काढायचीस, म्हणून आता तू म्हणशील, ताई, मी पुन्हा चित्रं काढते. काढ बाई, पण त्याचं पेज उघडू नकोस, रील करू नकोस, दिवाळीला कंदील विकायला काढू नकोस. तुला मी ओळखते. पंधरा दिवसांत त्याचाही ऊस करशील.

परवा तू म्हणालीस की तुमचे सर सगळ्यांना गदिमांचं उदाहरण देतात, दर आठवड्याला गीतरामायणाचं नवं गाणं लिहून देत होते की नाही म्हणून. मला या उदाहरणाचा राग येतो. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर पहिलं गाणं लागलं आणि 1956 च्या रामनवमीला शेवटचं. 56 गाणी. म्हणजे एका गाण्याला एक आठवडा, चालीला सुधीर फडके, आणि मुख्य म्हणजे शेवट कुठे आहे ते पहिल्या दिवसापासून माहीत. तुझ्या मालिकेचा शेवट कुणाला माहीतये? लेखकाला तर सगळ्यात उशिरा कळतो. मेहनतीने माणूस मोडत नाही असं नाही, पण बिनशेवटाच्या मेहनतीने लवकर मोडतो, हे माझं मत झालंय. म्हणून शेवट तू ठरव. निर्मात्याला रडत फोन करू नकोस, सणकीत व्हॉट्सअॅप ग्रुप सोडू नकोस. ईमेल लिही: ‘हा ट्रॅक संपेपर्यंत मी आहे. पुढच्यासाठी दुसरा लेखक पाहावा, पंधरा दिवस मी त्याला मदत करीन.’ बस. तब्येतीचं पुराण नको, माफी नको. करारातली नोटिशीची मुदत आधी वाच. कळली नाही तर अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, सदस्य आहेस ना, तिथे विचार.

पैशाचं सांगते, कारण खरी भीती तिथेच आहे आणि तू ती बोलली नाहीस. आपल्याला एपिसोडचे पैसे नव्वद दिवसांनी मिळतात. या नव्वद दिवसांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या. पण आज थांबलीस तर तेच नव्वद दिवस तुझ्या बाजूने असतात: केलेल्या कामाचे पैसे पुढचे तीन महिने येत राहणार. मात्र सगळी बिलं आधी पाठवलेली हवीत, पोचल्याचं उत्तर ईमेलवर हवं, तोंडी ‘हो हो’ चालणार नाही. भाडं, मेस, आईला पाठवतेस ते, एवढं एका कागदावर मांड. मी दोन्ही मालिका सोडल्या नव्हत्या, एक सोडली. तेवढंच परवडत होतं. उरलेलीतली सासू पुढे जरा बरं बोलायला लागली, असं एका कलाकाराने आपणहून सांगितलं. किती महिन्यांनी विचारशील तर सात.

या वर्षी अण्णांनी विहिरीकडचा तुकडा मोडलाय. हरभरा आहे, घाटे भरत आलेत. शनिवारी रात्रीची महालक्ष्मी पकड, पहाटे कराडला उतर, मी गाडी घेऊन येते. डहाळे उपटायला माणूस कमी आहे. लॅपटॉप आणलास तर अण्णा तो धान्याच्या कणगीत ठेवतील. माझा ठेवला होता.