प्रिंटरचं उलट उत्तर

अगं, कॉलेजच्या ऑफिसात लागलीस काय आणि पहिल्याच परीक्षेच्या हंगामात प्रिंट सर्व्हर तुझ्या गळ्यात पडला काय! घाबरू नकोस. स्क्रीनवर ‘ऑफलाइन’ दिसलं की टेबलाखाली वाकून केबली उपसत बसायचं नाही. आधी उठून प्रिंटरपाशी जा. त्याच्या पडद्यावर ‘रेडी’ आहे, पिंगला उत्तर येतंय? मग यंत्र ठणठणीत आहे. बिघडलंय ते सर्व्हरचं आणि त्याचं बोलणं.

या बोलण्याच्या वाटा दोन असतात, आणि हे नवीन माणसाला कुणी धड सांगत नाही. छापायचा मजकूर बहुधा टीसीपीच्या 9100 पोर्टवरून जातो. कागद आहे का, टोनर किती, झाकण उघडं राहिलंय का, ही चौकशी मात्र एसएनएमपीने, यूडीपीच्या 161 पोर्टवरून चालते. पहिली वाट मोकळी आणि दुसरी बंद, असं सर्रास होतं. नेटवर्कवाले फायरवॉल कडक करतात, 9100 आठवणीने उघडतात आणि 161 विसरतात. विंडोजचा सर्व्हर विचारतो, पलीकडून हूं नाही की चूं नाही, की तो प्रिंटरला ऑफलाइन ठरवून मोकळा. हॉलतिकिटं क्यूमध्ये ताटकळत राहतात आणि खिडकीबाहेर पोरं तुझ्या नावाने शिमगा करतात.

दुसरी भानगड कम्युनिटी नेमची. चौकशी करताना सर्व्हरला हा परवलीचा शब्द सांगावा लागतो, आणि बऱ्याच प्रिंटरमध्ये तो मुळात ‘पब्लिक’ असतो. ऑडिटवाले तो बदलायला लावतात, आणि तो बदलायलाच हवा. पण बदल प्रिंटरमध्ये होतो, सर्व्हरच्या पोर्टमध्ये ‘पब्लिक’ तसंच राहतं. शब्द चुकला तर प्रिंटर ‘चुकलं’ असंही म्हणत नाही. नुसता गप्प बसतो.

आता उपाय. प्रिंटर प्रॉपर्टीज, त्यात पोर्ट्स, त्यात कॉन्फिगर पोर्ट. तळाशी ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी चौकट दिसेल. टिक काढलीस की प्रिंट सुरू. एएमसीवाला पोरगा तेवढंच करून, सही घेऊन पसार होतो. खिडकीवर रांग असेल तर तूही खुशाल काढ, कुणी रागावणार नाही. पण गर्दी ओसरली की कम्युनिटी नेम जुळव, 161 उघडून घे आणि टिक परत लाव. नाहीतर प्रिंटर खरोखर बंद पडला तरी सर्व्हर तो तयारच दाखवत राहील.

तिथेच पोर्ट्सच्या पानावर ‘एनेबल बायडायरेक्शनल सपोर्ट’ ही आणखी एक टिक आहे. ती वेगळी, गल्लत करू नकोस. तिच्यामुळे ड्रायव्हर प्रिंटरलाच विचारून घेऊ शकतो की बाबा, ट्रे किती, दोन्ही बाजूंनी छापतोस का. ती राखाडी असेल तर तुझ्या ड्रायव्हरला ही चौकशी जमत नाही. मग कंपनीचा खास ड्रायव्हर टाक, नाहीतर डिव्हाइस सेटिंग्जमध्ये जाऊन हाताने भर. हे केलं नाही, तर ड्युप्लेक्सचा प्रिंटर असूनही क्लार्कबाई जन्मभर एकाच बाजूने छापत बसतील.

आणि क्यूमधून काम नाहीसं झालं म्हणजे छापून झालं, असं कुणालाही सांगू नकोस. 9100 वर मजकूर पोचता झाला की सर्व्हर सहसा हात झटकतो. पुढे कागद अडकला तर ते प्रिंटरचं नशीब! छपाईचा दुसरा प्रोटोकॉल, आयपीपी, त्या मानाने शहाणा. त्यात प्रत्येक कामाची अवस्था विचारता येते, आणि अडलं असेल तर कागद संपला की अडकला, हे कारणही कळतं. नवीन प्रिंटर घेताना त्यात आयपीपी आहे ना, ते बघून घे.

प्रिंटरकडून परत येणाऱ्या या उलट उत्तरावरून केवढं रामायण झालंय, ठाऊक आहे? 1980च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करायचे. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यांनी असा बदलला होता की कागद अडकला की ज्यांची कामं खोळंबली त्यांच्या स्क्रीनवर निरोप यायचा. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोडच मिळेना. निरोप बंद, माणसांचे हेलपाटे सुरू. तो राग त्यांच्या मनात राहिला, आणि 1983 मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला.

तुला एवढं काही करायचं नाहीये गं. नेटवर्कवाल्या दादांना सांगून प्रत्येक प्रिंटरचा आयपी पत्ता डीएचसीपीत राखून ठेव, म्हणजे वीज जाऊन आली तरी पत्ता बदलायचा नाही. आणि पुढच्या वेळी ऑडिटवाले कम्युनिटी नेम बदलायला आले, की त्यांना चहा पाज, पण प्रिंटर आणि सर्व्हर दोन्हीकडे बदल करून एक पान छापून दाखवल्याशिवाय उठू देऊ नकोस.